काकूंच्या स्ट्रिपमधली गोळी

“रोज एक अ‍ॅस्पिरिन घेतली तर कॅन्सर टळतो म्हणे, खरं का?” हा प्रश्न समुपदेशनात बहुतेक वेळा उशिराच येतो. गोळी सुरू होऊन महिने उलटलेले असतात आणि विचारणाऱ्याला हवं असतं ते फक्त “चालू ठेवा” एवढं. या काकांचंही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून वयं आणि नाती थोडी बदलली आहेत.)

काका ६७ वर्षांचे, काकू ६२ च्या. आठ महिन्यांपूर्वी काकूंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. त्यांना रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी. काकांना हृदयाचा काहीच त्रास नाही. पण त्यांचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेलेले. त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने आतड्याचा कॅन्सर कमी होतो हे कानावर आल्यावर काकूंच्या स्ट्रिपमधूनच त्यांनी गोळी घ्यायला सुरुवात केली. तीही एक नाही, दोन. “दुप्पट घेतली की बचावही दुप्पट,” हा त्यांचा हिशोब. गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस आयब्युप्रोफेनही चालू होती. ती त्यांनी औषधांत धरलीच नव्हती, “ती तर दुखण्याची गोळी.”

औषधं विचारताना “कोणती औषधं घेता?” एवढं विचारून थांबलं की ही गोळी निसटते. दुखण्याची, सर्दीची, झोपेची, घरातल्या दुसऱ्या कुणाची, असं एकेक करून विचारावं लागतं.

काकांनी जे ऐकलं होतं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. मेलबर्नमधल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर कमी आढळला, आणि तिथून या विषयाला तोंड फुटलं. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटाने हृदयविकार आणि पक्षाघातासाठी झालेल्या जुन्या चाचण्यांतल्या लोकांचा २० वर्षांपर्यंत माग काढला. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुमारे २४ टक्क्यांनी कमी होता आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी. त्याच अभ्यासात ७५ मिलिग्रॅमच्या वर डोस नेऊन जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे काकांची दुसरी गोळी त्यांच्या बाजूच्या पुराव्यानेच फुकट ठरते.

आता उरलेलं अर्धं. आतड्यात लहान गाठ, म्हणजे पॉलिप, उगवून तिचा कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा वर्षं किंवा जास्त जातात. त्यामुळे गोळीचा फायदा दिसायलाही तेवढाच काळ लागतो. अमेरिकेत जवळपास ४०,००० स्त्रियांनी दिवसाआड १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतली, तेव्हा दहा वर्षांच्या चाचणीत कॅन्सरमध्ये फरक पडला नाही. आतड्याच्या कॅन्सरमधली घट त्यानंतरच्या वर्षांत दिसू लागली. गोळीमुळे होणारा रक्तस्राव मात्र दहा वर्षं वाट बघत नाही. गोळीचा धोका पहिल्या महिन्यापासून आणि फायदा दशकानंतर, हे समजलं की वयाचा मुद्दा आपोआप पुढे येतो.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. अर्ध्यांना १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पावणेपाच वर्षांच्या आसपास अ‍ॅस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के लोकांना गंभीर रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात २.८ टक्क्यांना. कॅन्सरने गेलेले ३.१ टक्के विरुद्ध २.३ टक्के, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या गटात जास्त. हा आकडा अनपेक्षित होता आणि सावधपणे वाचावा असं संशोधकांनीच लिहिलं. पण उतारवयात नव्याने गोळी सुरू करून बचाव होतो, असं त्यातून म्हणता येत नाही हे नक्की. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या काही लोकांना हृदय आणि आतड्याचा कॅन्सर या दोन्हींसाठी कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुचवली होती. २०२२ मध्ये त्यांनी कॅन्सरचा भाग मागे घेतला, आणि साठीनंतर हृदयविकार टाळण्यासाठीसुद्धा ती नव्याने सुरू करू नये असं सांगितलं.

“पण ही गोळी कोटेड आहे, पोटाला लागत नाही,” काकांनी हा मुद्दा राखून ठेवला होता.

हा गैरसमज फार पसरलेला आहे. कोटिंगमुळे गोळी जठरात न विरघळता पुढे लहान आतड्यात विरघळते, इतकंच. जठराचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीर तयार करत असतं. रक्तात शोषलेली अ‍ॅस्पिरिन ती घटवते. शिवाय रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात, तेही ती कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेलं, चिकटण्यासाठी लागणारं एन्झाइम ती पुन्हा बनवू शकत नाही. नव्या प्लेटलेट येईपर्यंत सात ते दहा दिवस परिणाम राहतो. अस्तर कमजोर आणि रक्त थांबायला उशीर, अशी दुहेरी कोंडी. त्यात आयब्युप्रोफेन आली की अस्तरावर आणखी मारा होतो. गंमत म्हणजे आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ती प्लेटलेटमधली अ‍ॅस्पिरिनची जागा अडवते आणि हृदयासाठी घेणाऱ्यांना त्या दिवशी अ‍ॅस्पिरिनचा पुरता उपयोगही होत नाही. धोका दोघींचा, काम एकीचं अर्धवट.

एवढं बोलून झाल्यावर काकांना थकव्याबद्दल विचारलं. जिना चढताना दम लागतो, हे काकूंनी सांगितलं; काका “वय झालं” म्हणत होते. शौचाचा रंग? “कधीकधी काळपट.” डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच ही वरच्या पचनमार्गातल्या रक्तस्रावाची खूण असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून ते विचारून घ्यावं. काका लोह घेत नव्हते. अशा वेळी समुपदेशन तिथेच थांबतं. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, म्हणजे कमी, शरीरातला लोहाचा साठा रिकामा. डॉक्टरांनी काकांच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल दिलं.

इथे घरोघरी होणारी एक चूक सांगायला हवी. अ‍ॅस्पिरिन चालू होती, रक्त गेलं, गोळी बंद केली, प्रश्न मिटला, असं समजायचं नाही. आतड्यात गाठ असेल तर अ‍ॅस्पिरिनमुळे ती लवकर रक्त सोडते. गोळीवर खापर फोडून गाठ तशीच राहून जाते. उतारवयात लोह कमी होऊन रक्त उतरलं असेल तर दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालून बघावं लागतं. काकांच्या जठरात वरवरच्या जखमा होत्या. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला ८ मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला आणि कोलोनोस्कोपी चालू असतानाच काढला गेला. तपासणीत तो कॅन्सर नव्हता, पण होऊ शकणाऱ्या जातीचा, अ‍ॅडिनोमा होता. कित्येक महिने घेतलेल्या गोळ्यांनी जे केलं नाही ते काम एका सकाळी झालं.

दरम्यान दुसरीकडे वेगळाच गोंधळ उडाला होता. काकांच्या रक्तस्रावाचं ऐकून काकूंनी आपली अ‍ॅस्पिरिन बंद केली. चार दिवस. “यांचं एवढं झालं, मग मी कशाला घेऊ?” फोनवर हे कळलं तेव्हा त्याच मिनिटाला त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवावं लागलं. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात ही गोळी मनाने सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दात काढायचा असला तरी ती आपल्या मनाने थांबवायची नसते. काकूंच्या बाबतीत फायदा उद्यासाठी आहे, दहा वर्षांनंतरसाठी नाही. म्हणून तोच रक्तस्रावाचा धोका त्यांच्या डॉक्टरांनी हिशोब करून पत्करलेला आहे. त्या दिवसापासून गोळी पुन्हा सुरू झाली. जोडप्यातल्या एकाला सल्ला देताना दुसरा तो ऐकत असतो, हे इथे आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

काकांच्या घराण्याचा तक्ता मात्र अजून काढायचा होता. तीन पिढ्या, प्रत्येकाचं नाव, कॅन्सर कुठला आणि कितव्या वर्षी. वडिलांना मोठ्या आतड्याचा, हे माहीत होतं. मोठ्या भावालाही तोच, ४६ व्या वर्षी. बहिणीला? “तिला पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं.” बहिणीला फोन लावल्यावर कळलं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, ४८ व्या वर्षी. आतडं आणि गर्भाशय यांचा संबंध घरात कुणी जोडला नव्हता, आणि जोडेल तरी कोण? पण जवळच्या तिघांना असे कॅन्सर, दोन पिढ्यांत, त्यातला एक तरी पन्नाशीच्या आत, ही लिंच सिंड्रोमची ठळक खूण आहे. यात डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक जन्मतः बिघडलेलं असतं आणि ते प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते.

अ‍ॅस्पिरिनचा सगळ्यात भक्कम पुरावा नेमका याच लोकांसाठी आहे. ब्रिटनचे जॉन बर्न यांच्या कॅप-२ चाचणीत लिंच असलेल्या ८६१ जणांपैकी अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, सरासरी दोन वर्षं. दहा वर्षांनी आतड्याचा कॅन्सर अ‍ॅस्पिरिनच्या गटात ९ टक्क्यांना झालेला, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० पासून लिंच असलेल्यांना रोजची अ‍ॅस्पिरिन सुचवली आहे. तिथे १५० किंवा ३०० मिलिग्रॅम जास्त वापरली जाते.

मग काकांची गोळी बरोबरच होती की काय? ते आधी तपासायला हवं होतं. अशा तपासणीची सुरुवात कॅन्सर झालेल्या व्यक्तीपासून करतात, कारण कुठलं जनुक बिघडलंय ते तिच्यात सापडलं की बाकीच्यांमध्ये तेवढंच शोधायचं असतं. निरोगी माणसात काही सापडलं नाही तर त्याचा अर्थच लावता येत नाही. बहिणीच्या अहवालात एमएसएच२ या दुरुस्ती करणाऱ्या जनुकातला बिघाड निघाला. काकांच्या रक्तात तो नव्हता. त्यांचा धोका चारचौघांइतकाच ठरला, त्यांच्या मुलांनाही तो वारसा त्यांच्याकडून मिळणार नाही, आणि कॅन्सरसाठी अ‍ॅस्पिरिनचा विषय तिथे संपला. पुढची कोलोनोस्कोपी कधी, हे पॉलिपच्या अहवालावरून ठरलं.

पण भावाच्या मुलीमध्ये तो निघाला. ती ३४ वर्षांची. तिच्यासाठी दर एक ते दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी हा पहिला नियम, आणि अ‍ॅस्पिरिन त्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही. गोळी सुरू करण्याआधी तिला एक यादी दिली आहे, डॉक्टरांना सांगायची: पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झालाय का, दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का, रक्तदाब किती, नैराश्यावरच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, दारू किती, मूल होऊ देण्याचा विचार आहे का. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का ते आधी तपासून, असल्यास त्यावर उपचार करून मग गोळी सुरू करणं बरं, कारण अल्सरचं ते एक मोठं कारण आहे. डोस तिचे डॉक्टर ठरवतील.

काकूंच्या गोळ्या आता वेगळ्या डबीत असतात, झाकणावर त्यांचं नाव लिहून. काकांनीच लिहिलंय.