लिनक्सवर चालणारा सर्व्हर इतरत्र का कोसळतो?
तुमचा मल्टिथ्रेडेड (एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, चालवणारा) सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि फ्रीबीएसडी किंवा मॅकओएसवर बिघडतो, म्हणून लगेच त्या प्रणालीला दोष देऊ नका. चूक बहुधा आपल्याच गृहीतकात असते.

उदाहरणार्थ, नव्या जोडण्यांसाठी ऐकणारे सॉकेट (नेटवर्क-जोडणीचे टोक) नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे वाट पाहत न थांबणारे, असेल, तर जोडणी स्वीकारणाऱ्या ॲक्सेप्ट या कॉलमधून मिळणाऱ्या नव्या सॉकेटला तो गुण बीएसडी-कुळात (फ्रीबीएसडी, मॅकओएस) वारशाने मिळतो, लिनक्सवर मिळत नाही. त्यामुळे लिनक्सवर डेटासाठी निमूटपणे थांबणारे रीड फ्रीबीएसडीवर तत्काळ ईअगेन (‘आत्ता डेटा नाही, पुन्हा प्रयत्न करा’ हा संकेत) परत करते, आणि आपला कोड त्यालाच त्रुटी समजून जोडणी तोडतो. हा गुण दोन्हीकडे स्वतःच स्पष्टपणे ठरवावा.

थ्रेडच्या स्टॅकच्या (फंक्शनमधील स्थानिक डेटा ठेवणाऱ्या मेमरीच्या) आकाराचेही तसेच: लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीसह तो सहसा ८ एमबी, मॅकओएसवर मुख्य थ्रेड वगळता ५१२ केबी, तर अल्पाइन लिनक्समधील मसल या सी लायब्ररीवर जेमतेम १२८ केबी असतो. फंक्शनमध्ये मोठा बफर असल्यास कोसळण्याचे कारण तिथेच शोधावे.

सर्व्हर गोठला, तर तो बंद करण्यापूर्वी जीडीबी हा डीबगर जोडून सर्व थ्रेडचे बॅकट्रेस (कोणता थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये अडकला आहे याची यादी) घ्यावेत. जागोजागी प्रिंटएफ (मजकूर छापणाऱ्या ओळी) पेरण्याचा मोह टाळावा. त्याने वेळेचे गणित बदलते आणि दोष लपून बसतो. (मी यात कित्येक रात्री घालवल्या आहेत.) त्यापेक्षा थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडमधील डेटा-रेस शोधणारे साधन) लावून पुन्हा बिल्ड करावे.