घाटी म्हणजे कोण?

चि. ओम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आई, घाटी ही शिवी आहे का?" आणि तेवढ्यात माझी ड्युटीची गाडी आली. सोसायटीत मॅच चालू असताना कुणीतरी तुला "ए घाटी, बाजूला हो" म्हणालं. तू चिडलास ते कळलं. पण तुझा खरा गोंधळ वेगळाच होता. आजी दिवसातून दहादा "आमच्या घाटावर असं करत नाहीत हो" म्हणते, तेही ऐटीत. मग शिवीची एवढी ऐट कशी?

आज दोह्यात मला सुट्टी आहे, म्हणून नीट लिहिते.

घाट म्हणजे डोंगर नव्हे रे. डोंगर तो सह्याद्री. त्यातून वर-खाली करायची वाट म्हणजे घाट. इंग्रजांनी सगळ्या रांगेलाच ते नाव चिकटवलं आणि तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिम घाट' आला. वाटेच्या वर राहतात ते घाटावरचे, खाली राहतात ते कोकणातले. इतकं साधं आहे. पुढे मुंबईत गोद्या आल्या, गिरण्या आल्या, आणि ओझी उचलायला वरची माणसं खाली उतरली. मळके कपडे, रांगडी बोली, डोक्यावर पोतं. त्यांना शहरातले लोक नाक मुरडून 'घाटी' म्हणायला लागले. शिवी झाली ती तिथे.

आता आजीचं गाव. म्हणजे माझं माहेर, घाटघर. नावातच घाट! (अकोले तालुक्यात आणखी एक घाटघर आहे, धरणाचं. ते वेगळं.) आपलं घाटघर जुन्नर तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला आहे. जुन्नरहून एसटी निघाली की चावंडचा किल्ला मागे पडतो, वस्ती विरळ होत जाते, जीवधनचा कातळ अंगावर येतो आणि मग गाव. लहानशा वाड्या, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं. घाटावरचे म्हटलं की लोकांना बाजरीची भाकरी आठवते, पण आमच्याकडे पाऊस इतका की बाजरी कुजेल. आम्ही खायचो भात, नाचणी आणि वरई.

गावापासून थोडं चाललं की जमीन संपते. खरंच संपते. पुढे अडीच हजार फुटांच्या आसपास खोल कोकण, आणि पायथ्याला वैशाखरे. ते मुरबाड तालुक्यातलं, म्हणजे तुझ्याच ठाणे जिल्ह्यातलं. पावसाळ्यात तिथे वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर फेकतो. छत्री घेऊन गेलं तर नुसती दांडी हातात राहते, हे मी अनुभवाने सांगते. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब कुकडीत जातो, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. कड्यावरून खाली गेलेला काळू नदीतून उल्हासला मिळतो आणि आपल्या खाडीकडे येतो.

त्या टोकावर डोंगर फोडून केलेली अरुंद वाट आहे. हाच नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने जुन्नरच्या बाजारात जायचा. वर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. मी तुझ्याएवढी असताना त्यात खांद्यापर्यंत हात घालून पाहिला होता. पावसाचं पाणी होतं आणि एक बेडूक.

पण खरी गंमत जवळच्या गुहेत आहे. आत भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता वरची नावं आहेत आणि खाली नुसती पावलं. मधली माणसं झिजून, फुटून गेली. बाजूच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. यज्ञ किती केले, गाई, घोडे, हत्ती किती दान दिले, याचा पाढाच. त्यात आकडेसुद्धा कोरलेले आहेत. तू वहीत जे अंक लिहितोस त्यांची ही खापरपणजोबा शोभतील अशी रूपं. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हा लेख 'शोधला' म्हणतात. आमचे गुराखी पावसात त्याच भिंतीला टेकून बसायचे, त्यांना कुणी विचारलं नाही.

मग १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि बैलांचे तांडे हळूहळू थांबले. वाट ओस पडली. गावाला खायला पुरेना, तेव्हा माणसंच खाली उतरू लागली.

तुझे आजोबा, अण्णा, तसेच आले. वैशाखऱ्यापर्यंत पायी, पुढे कल्याणपर्यंत मिळेल त्या गाडीने. मशीद बंदरला कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी झाले. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला, म्हणून पगार, फंड, दवाखाना मिळाला. बाजार वाशीला हलला तसे अण्णाही इकडे आले. कोपरखैरण्यातलं आपलं घर त्याच पोत्यांवर उभं आहे. आजीची ऐट येते ती इथून.

तुझे बाबा रोह्याकडचे, पक्के कोकणी. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी घाटावरची आहे, तिखट असेल." अजूनही आपल्या स्वयंपाकघरात आजी भाजीत शेंगदाण्याचं कूट घालते आणि बाबा वरून ओलं खोबरं भुरभुरतात. तूच सांग, तुला कोणत्या बाजूला बसवायचं?

त्या मुलाशी भांडू नकोस. फक्त एवढं विचार, "तुझं गाव कुठलं रे?" नवी मुंबईत निम्म्या घरांतून साताऱ्याचं नाहीतर जुन्नर-आंबेगावचं उत्तर येईल. तो सांगेल ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

दिवाळीत आले की आपण कल्याणहून जाऊ आणि वैशाखऱ्याकडून चढू. तीन तास धरून चाल. बूट चांगले घे, बाबांना सांग.

आणि परवा खोकत होतास. फडताळात स्टीलच्या छोट्या डब्यात बाळहिरडा आहे, घाटघरचाच. एक तोंडात धरून ठेव. आधी फार तुरट लागेल. थुंकू नकोस, वरून पाणी पी, मग गोड लागतं.

तुझी,
आई