काल चाललेला पदार्थ आज कसा बाधतो? ॲलर्जी नेमकी होते कशामुळे?

काल शरीराशी त्याची गाठ पडली होती, म्हणूनच आज बाधतो.

अमळनेरकडे आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचलेली मिरची आणि वरून मूठभर शेंगदाणे. अडीच वर्षांच्या भाच्याने दोन घास खाल्ले अन् दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, छाती घरघरू लागली. आजी म्हणाली, "नजर लागनी व्हई." मी वांग्याला बोल लावला. तपासणीत निघाला शेंगदाणा. (वांगं अगदीच साधं नाही म्हणा, त्यात मुळातच हिस्टामाइन हे खाज-सूज आणणारं रसायन असतं, त्यामुळे ॲलर्जी नसतानाही काहींच्या तोंडाला खाज सुटते.)

पोराने शेंगदाणा आधीही खाल्ला होता, तेव्हा काहीच झालं नव्हतं. पण तेवढ्यात शरीराने त्यातल्या प्रथिनाला शत्रू ठरवून 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं तयार केली. ती त्वचेत, श्वासमार्गात असणाऱ्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटून बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की या पेशींमधून हिस्टामाइन बाहेर पडतं. हे रक्त 'खराब' असल्याने होत नाही.

शरीर असं का चुकतं? काही भाग आनुवंशिक. दुसरा मला जास्त पटतो: पदार्थ कोणत्या वाटेने आत आला. भाच्याला तान्हेपणी एक्झिमा (इसब) होता. फाटलेल्या त्वचेतून घरातल्या कुटाचे कण आत गेले तर शरीर बिथरतं, तोंडावाटे गेले तर बहुधा सोसायला शिकतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका असलेली 640 बाळं होती. ज्यांना 4 ते 11 महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात ही ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून लगेच दाणे भरवू नका, घशात अडकतात. एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गाजरगवताने मानेवर, पापण्यांवर उठणारे चट्टे मात्र आयजीईचं नव्हे, तर टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचं काम, म्हणून दिवस-दोन दिवसांनी दिसतात. दुधाने नुसतं पोट फुगणं ही ॲलर्जीच नव्हे.

ॲलर्जीने श्वास अडकला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. आता आमच्याकडे भाच्याचं भरीत वेगळ्या बडगीत होतं, आणि लग्नाच्या पंगतीत ताई आधी आचाऱ्याला गाठते.