प्राथमिक शाळेतील मुलांना लोकशाही मूल्ये कशी शिकवावीत?

या वयात व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा वर्गाचे नियम, कामांची वाटणी, खेळाची निवड असे खरे निर्णय मुलांना चर्चेतून घेऊ द्यावेत. मात्र प्रत्येक वेळी हात वर करून मतदान घेऊ नये (घाईत तेच सोपे वाटते), कारण त्यातून केवळ बहुमत कळते. अल्पमताचे म्हणणे ऐकून ठरलेला नियमही बदलता येतो, हे कळण्यासाठी प्रत्येकाला कारणासह बोलू द्यावे आणि काही दिवसांनी तो नियम पुन्हा चर्चेला घ्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ नुसार मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व परिपक्वता पाहून महत्त्व द्यायचे असते. त्यामुळे सुरक्षिततेचे निर्णय शिक्षकांनीच घ्यावेत, पण त्यांची कारणे मुलांना सांगावीत.