आफ्रिकी भाषांच्या रोमन लिपीत उलटा ‘सी’ आणि शेपटीचा ‘डी’ कशाला?

आपण विचारले आहे की, घाना, टोगो, नायजेरिया येथील भाषा रोमन लिपीतच लिहायच्या तर मूळची २६ अक्षरे का पुरत नाहीत. याचे उत्तर आपल्या मोबाइलवरच आहे. ‘व्ही-ए-डी-ए’ असा रोमन संदेश आला, तर तो वडा, वाडा की वादा, हे आपण संदर्भावरूनच ठरवतो.

घाना आणि टोगोमधील एवे भाषेतही द आणि ड हे वेगळे ध्वनी आहेत. म्हणून तिथे ‘ड’साठी साध्या ‘डी’च्या दांड्याला खाली शेपटी जोडतात. एवेत ‘व’सुद्धा दोन आहेत, एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आणि दुसरा केवळ दोन्ही ओठ जवळ आणून उच्चारायचा, पहिल्याने ‘एवे’ म्हटले तर अर्थ ‘दोन’ होतो, दुसऱ्याने म्हटले तर ते त्या भाषेचेच नाव ठरते. नायजेरियातील योरुबा भाषेने एकोणिसाव्या शतकातच अक्षराखाली टिंब देण्याची वाट धरली होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील आफ्रिकी भाषांच्या संस्थेने, एवेचे अभ्यासक डीड्रिख वेस्टरमान यांच्या पुढाकाराने, टिंबांऐवजी स्वतंत्र अक्षरे सुचवली. मला हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण लिहिण्याच्या घाईत टिंब गळते, अक्षर सहसा गळत नाही.

खरी अडचण अक्षरजुळणीत येते. एवेतील शेपटीच्या ‘डी’चे मोठे रूप म्हणजे डाव्या दांड्यावर आडवी रेघ मारलेला ‘डी’. दिसायला अगदी तसाच मोठा ‘डी’ क्रोएशियन आणि आइसलँडिक भाषांतही आहे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, तिन्हींचे संकेतांक निरनिराळे आहेत. चुकून क्रोएशियन ‘डी’ वापरला तर छापील पानावर काहीच कळत नाही. मात्र तोच मजकूर लहान अक्षरांत बदलला की शेपटी नाहीशी होऊन दांड्याच्या वरच्या टोकाला काट उमटते आणि शोध घेतला तरी शब्द सापडत नाही.

घानातील ट्वी भाषकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. त्यांचा उलटा ‘सी’ म्हणजे साधारण आपला ‘ऑ’. तो कळफलकावर नसला की ते त्या जागी कंसाचे उजवे चिन्ह टाकतात, आणि पसरट ‘ए’साठी इंग्रजी तीनचा आकडा. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या अर्थाचे ‘मे डॉ वो’ तिथल्या कित्येक मोबाइलवर असे कंसासकटच पोहोचते.