जळकं टाकू नकोस

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. देणगीत आलेली विजेच्या जुन्या उपकरणांची खोकी, त्यातला निम्मा माल जळका नाहीतर फुटका, आणि समितीला उद्घाटनाआधी दालन 'स्वच्छ' हवंय. काय ठेवू आणि काय भंगारात देऊ, असं विचारलं आहेस. संग्रहालय कशासाठी हवं, हे तुला सांगत बसत नाही. ते पटलं नसतं तर सुट्टीच्या दिवशी त्या खोक्यांत डोकं घातलंच नसतंस.

एकच सांगते. जळकं टाकू नकोस.

तो काळा बल्ब 'पुसूनही निघत नाही' म्हणतोस ना, तो निघणारच नाही. काळेपणा काचेच्या आतून आहे. कार्बन फिलामेंटचे, म्हणजे तापून उजळणाऱ्या कार्बनच्या धाग्याचे, बल्ब असेच काळे पडायचे आणि बनवणाऱ्यांना तो निव्वळ ताप वाटायचा. १८८० च्या दशकात जॉन अँब्रोज फ्लेमिंग हा शास्त्रज्ञ लंडनमध्ये एडिसनच्या कंपनीचा सल्लागार होता. असे बाद बल्ब तो न्याहाळत बसायचा. काहींच्या काजळीत त्याला एक स्वच्छ रेघ दिसली. वाकवलेल्या फिलामेंटच्या एका पायाकडून कार्बन उडत होता, दुसरा पाय आड येत होता, आणि त्याची सावली काचेवर उमटली होती. बल्बमध्ये धातूची जादा पट्टी बसवली की मधल्या पोकळीतून वीज वाहते, तीही एकाच दिशेने, हे एडिसनला दिसलं होतं. पण त्याने ते फारसं पुढे नेलं नाही. फ्लेमिंगने तसले बल्ब करवून घेतले, प्रयोग केले आणि ते कपाटात ठेवून दिले. १९०४ मध्ये रेडिओलहरी टिपायला काहीतरी हवं होतं, तेव्हा त्याने तेच कपाट उघडलं. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पहिला व्हॉल्व्ह तिथून आला. तुमच्या समितीतलं कुणी तिथे असतं, तर ते कपाट केव्हाच रिकामं झालं असतं!

रागावले, माफ कर. पण तू पाठवलेली ती कालरेषाही पाहिली. अटलांटिक केबलपुढे, म्हणजे त्या महासागरातून टाकलेल्या तारयंत्राच्या तारेपुढे, फक्त १८६६ लिहिलंय. आणि १८५८? त्या ऑगस्टमध्ये पहिली केबल सुरू झाली आणि काही आठवड्यांतच मेली. सिग्नल क्षीण येतो म्हणून केबल कंपनीचा वीजतज्ज्ञ व्हाइटहाउस याने तिला सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं वीजरोधक आवरण, मुळातच कच्चं होतं, ते पार गेलं. शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन म्हणत होता की दाब वाढवू नका, मोजणारं उपकरण नाजूक करा. १८६६ ची केबल टिकली, त्यामागे हा फटका होता. तो गाळलास तर पोरांना वाटेल की माणसं समुद्रात तार टाकतात आणि ती चालते. जळकं मांड, म्हणजे त्यांना कळेल की कुणीतरी विचार केला होता.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते, तेही ऐक. दारातल्या ज्या चकचकीत इंडक्शन कॉइलचं, म्हणजे मोठा दाब तयार करून ठिणगी पाडणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं, तू कौतुक केलंस, ती मीच गुंडाळली आहे. आली तेव्हा वेढ्यांमधल्या मेणाला आरपार भोक पडलं होतं. ठिणगीने आतल्या आत वाट काढली होती. मी ती उलगडली. थरांमध्ये कागद होते आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने वेढ्यांचे आकडे. एका थरावर आकडा खोडून पुन्हा लिहिलेला होता. मोजताना चुकला असणार आणि मग पहिल्यापासून मोजलं असणार. कोण होता, कुणास ठाऊक. मेणात बरबटलेले ते कागद मी तारेसकट टाकून दिले.

तेव्हा माझंही चुकलं नव्हतं, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. ठिणगी पडली नसती तर पहिल्या दिवशी कोण थांबलं असतं? लहान मुलं त्या निळ्या ठिणगीपाशी खिळून उभी राहायची, हे खरंच आहे. ठिणगी हवीच. पण तिच्यासाठी नवी कॉइल वेगळी गुंडाळता आली असती. तेवढी अक्कल मला नव्हती, आणि घाई होती. तुला घाई असेल, पण अक्कल नाही असं म्हणू नकोस, कारण आता मी सांगितलंय.

तेव्हा प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांध. कुठे जळलंय, काय तुटलंय, आधी कुणी डाग देऊन जोडलंय का, एवढं लिही. जुनं काहीही 'बघू तरी' म्हणून विजेला जोडू नकोस. मोठ्या कपॅसिटरना, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांना, हात लावण्याआधी ते डिस्चार्ज, म्हणजे रिकामे, झालेत का ते पाहा. समितीने फार कटकट केली तर जळका माल खोक्यांत भरून माझ्याकडे पाठव. भंगारवाल्याकडे नाही.

आणि दारातल्या त्या कॉइलची पाटी बदल. 'मूळ स्वरूपात' असं लिहिलंय, ते खोटं आहे. लिही: तार नवी; जुनी तार दुरुस्ती करणारीने टाकून दिली. माझं नाव घातलंस तरी चालेल.

तुझी,
कॉइलवाली बाई