‘दानशूर’मधला शूर

शिवाजी पेठेतल्या एका वाचकानं एका फळ्याचा फोटो पाठवलाय. तालमीच्या कोपऱ्यावरचा काळा फळा, त्यावर रंगीत खडूनं वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘महाप्रसादासाठी दानशुर व्यक्तींनी सहकार्य करावे.’ तिथंच उभ्याउभ्या वाद झाला म्हणे. एक वडीलधारे सर म्हणाले, ‘शूर रणात असतो. पैसे देण्यात कसलं शौर्य? दानशील लिही.’ लिहिणारा पोरगा म्हणाला, ‘सर, कर्णाला सगळे दानशूरच म्हणतात की!’ तर बरोबर कोण?

पोरगा बरोबर आहे. त्याचा ‘शु’ तेवढा चुकलाय, त्याकडे नंतर येतो.

दानशूर म्हणजे दानात शूर. साधा सप्तमी तत्पुरुष, रणशूर जसा. शूरपणा फक्त लढाईत, असं आपल्या परंपरेनं कधी मानलेलंच नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचे तीन प्रकार दिलेत: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात त्यात दयावीराची भर पडून चार होतात. दोन्हीकडे दान आहेच. आणि ते जुनं सुभाषित बघा:

शतेषु जायते शूरः सहस्रेषु च पण्डितः ।
वक्ता दशसहस्रेषु दाता भवति वा न वा ॥

शंभरात एक शूर, हजारात एक पंडित, दहा हजारांत एक वक्ता. दाता मात्र निपजेल, न निपजेल. कुंभोजच्या भाऊराव पाटलांना आपण कर्मवीर म्हणतो, तेव्हा कुणी विचारत नाही की यांनी कुठली लढाई मारली. दानशूर त्याच घरातला शब्द.

आता कर्ण. दानशूर आणि कर्ण हे मराठीत इतके चिकटलेत की घरात कुणी सढळ हातानं देऊ लागला की ‘मोठा कर्ण लागून गेलास’ असं ऐकवतातच. पण त्याच्या दानाला ‘शूर’ का चिकटलं, हे समजायला महाभारताच्या वनपर्वातला कुंडलाहरणाचा भाग वाचावा लागतो. पंचगंगेच्या घाटावर आजही पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य देणारी माणसं दिसतात. कर्णही भर दुपारी असाच पाण्यात, हात जोडून सूर्याची उपासना करायचा. त्या वेळी दारी आलेल्या ब्राह्मणाला त्याच्याकडून न मिळण्यासारखं काहीच नसे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार, कवचकुंडलं मागणार, हे सूर्यानं त्याला आधीच स्वप्नात येऊन सांगितलेलं. देऊ नकोस, मरशील, असंही बजावलेलं. तरी कर्ण म्हणाला, जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाता कामा नये.

कवच अंगाबरोबरच जन्माला आलेलं. काढून देता येत नव्हतं, कापूनच द्यावं लागलं. कर्णानं स्वतःच्या हातानं शस्त्र चालवलं. महाभारत सांगतं की तो स्वतःला असा कापत असताना देव, मानव, दानव बघत राहिले आणि गर्जना करू लागले, पण कर्णावर वेदनेचा एक विकार उमटला नाही. आदिपर्वानुसार त्याचं मूळ नाव वसुषेण. या कृत्यामुळं तो कर्ण आणि वैकर्तन (कापून देणारा) झाला. ते दृश्य डोळ्यांसमोर आणा आणि मग सरांचा प्रश्न पुन्हा विचारा.

कुणी म्हणेल, त्यानं बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती हे अस्त्र मागून घेतलं, मग दान कसलं? घेतलं खरं, महाभारत ते लपवत नाही. शक्ती मागून घे, असं सूर्यानंच सुचवलं होतं. माझ्या मते त्यानं ‘दानशूर’ला धक्का लागत नाही. हा शब्द निःस्वार्थपणा मोजत नाही, देताना लागलेली छाती मोजतो. आपल्या मरणाची वाट आपल्याच हातानं मोकळी होतेय हे ठाऊक असूनही हात मागं न घेणं, ते शौर्य.

दानशील शब्द चुकीचा नाही, वेगळा आहे. शील म्हणजे स्वभाव. रोज दारातल्याला मूठभर देणारी आजी दानशील. फळ्यावर तो शब्द लिहिला तरी व्याकरण बिघडणार नाही, पण कर्णाची सय येणार नाही. एक मात्र मनापासून सांगावंसं वाटतं: ठरलेली रक्कम देणारे ते वर्गणीदार, ऐपतीप्रमाणं देणारे देणगीदार. पावती फाडली की प्रत्येकाला दानशूर म्हणू नये. पोटाला चिमटा घेऊन कुणी दिलं असेल, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा. मग ती रक्कम पन्नास रुपये का असेना.

राहिला तो उकार. शूर तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला; शू दीर्घच. प्रत्यय लागल्यावरही तो ऱ्हस्व होत नाही; तत्सम शब्दांत उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ तसाच राहतो. शरीर, शरीरात, तसंच शूर, शूरांनी, दानशूरांना. पोराला सांगा, ओला फडका घेऊन तेवढा एक उकार पुसायचा आणि दीर्घ काढायचा. बाकी फळा आहे तसा राहू दे.